जाळी काढलेली फटफटी

अकोटला दवाखाना थाटून तीन वर्षं झाली आणि माझ्या डोक्यात हवा गेली. लष्कराच्या लिलावातली एक जुनी फटफटी माझ्याकडे होती. रोज दुपारी तिच्यावर मी खेड्यांच्या फेरीला निघे. रीत ठरलेली होती. लांबून आवाज आला की ज्याला गरज असेल तो फाट्यावर येऊन उभा राही. कोणी उभं दिसलं तर मी गावात वळे, नाही तर सरळ पुढे. माझ्या फटफटीचा ठसका लागल्यासारखा आवाज लेकरंही ओळखत.

मला मात्र त्या आवाजाची लाज वाटे. अमरावतीचा एक मित्र एकदा म्हणाला, "तुही गाडी हाय का दमेकरी बुढा?" ते मला झोंबलं. मी अकोल्याचा मिस्त्री गाठला. त्याने सायलेन्सर उघडला, तर आतली जाळीची नळी काजळीने बुजलेली. साफ करून परत बसवता आली असती. पण तो म्हणाला, "बसवता कायले डॉक्टरसाहेब? इंजनले सास घेऊ द्या. आवाज बी मर्दानी येते, चढावर बी वढते." मी म्हटलं, फेकून दे.

गाडी खरंच सुसाट पळाली. धडधड ऐकून रस्त्यावरच्या बंडीचे बैल बुजले, बंडीवाल्याने आयमाय काढली, तरी मला आतून गुदगुल्या होत होत्या. दुसऱ्या दिवशी फेरीला निघालो. एका फाट्यावर कोणीच नव्हतं. खोटं कशाला बोलू, मला बरंच वाटलं. वळावं लागलं असतं तर वेग मोडला असता.

आठवड्याने त्याच फाट्यावरच्या गावची एक म्हातारी तान्हा नातू घेऊन दवाखान्यात आली. त्याला वरचं दूध पचत नव्हतं. आई कुठे आहे, मी विचारलं.

"सून गेली, साहेब. बाळंतपणाचा ताप होता. मी फाट्यावरच उभी होती तुमच्यासाठी. पण ते धडधड आयकली अन् वाटलं, हातभट्टी पकडणारे साहेब येऊन राहिले, त्यायची फटफटी अशीच वाजते. आमच्या घरी मोहाची काढतेत. मी कपाशीच्या पराटीत लपली. तुमची पाठ दिसली तवा ओळखलं. लय आवाज देल्ले, पण तुमाले आयकूच नाही गेले. मंग बंडीत घालून तिले इकडे आणून राहिलो होतो, रस्त्यातच गेली." नातवाला खांद्यावर घेत ती म्हणाली, "चूक आमचीच झाली."

तिच्या पायांवर डोकं ठेवायला हवं होतं. मी काय केलं? तिच्यावर डाफरलो. "लपायचं कशाला? नीट पाहायचं तरी!" बाळाचं औषध काढताना मी तिच्याकडे पाठ केली; माझा चेहरा तिला दिसू नये एवढीच मला काळजी.

निघताना म्हातारीने हात जोडून पुन्हा माफी मागितली. मी तिला माफ केलं.