रानसशाला हाकलताना

सकाळी शेजारची अक्का आली ती फाटकाबाहेरच थांबली. एरवी ती चप्पल काढून थेट स्वयंपाकघरात यायची.

"अक्का, माझे दोन्ही ससे गेले," ती मला म्हणाली. "काल संध्याकाळी चांगले खाल्ले. आज पाहते तर आडवे. नाकाशी रक्त. पोत्यात घालून त्या मोकळ्या साइटीत टाकते, घारी नेतील."

"सरी," मी कानडीत म्हटलं, म्हणजे बरं.

ती गेली आणि मला आठवलं. काल तिच्याच बुट्टीतलं गवत मी आमच्या सशांना घातलं होतं, आणि ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

ही पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी कोवळी सहासष्टची होते. त्या वयात माणसाला सगळं कळत असतं.

शिवाजीनगरचं घर सोडून आम्ही देवनहळ्ळीच्या बाजूला नव्या लेआउटमध्ये राहायला आलो होतो. चार घरं, बाकी सगळ्या मोकळ्या साइटी, म्हणजे रिकामे प्लॉट. कॉलेजात जाणाऱ्या नातीनं दोन ससे पाळले होते, एक पांढरा आणि एक करडी. त्यांच्यासाठी ती गच्चीवर कुंड्यांत गवत लावायची, तेच धुऊन घालायची. बाहेरची एक काडी चालायची नाही.

"एवढं सोवळं माझ्या सासूबाईंनीही पाळलं नाही," मी म्हणायची.

"आज्जी, सशांचा एक रोग आहे. गवतावरून, हातांवरून, चपलांवरूनसुद्धा येतो. लागला तर औषध नाही, आणि लस आपल्याकडे मिळत नाही."

"रानातल्या सशांना कोण धुऊन देतं गं?" असं विचारून ती सहासष्टची शहाणी स्वतःच्याच विनोदावर हसायची.

आता बुट्टीचं. अक्का नि मी एकमेकींना अक्काच म्हणायचो. थोरली कोण, हे दोघींनीही उघड होऊ दिलं नव्हतं. तिनं एकदा बुट्टीभर गवत पाठवलं. आमच्यात कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत, म्हणून मी पेरू घालून पाठवली. त्यांच्यातही करत नाहीत, म्हणून तिनं पुन्हा गवत भरलं. नात म्हणाली, "आता थांबव." पण थांबवायचं म्हणजे कुणीतरी एकदा रिकामी बुट्टी पाठवायची, आणि तो कमीपणा मी का घेऊ? मग पेरू चालूच राहिले. थोडं गवत मी नात कॉलेजात गेली की आमच्या सशांना घालायची. उरलेलं मागच्या भिंतीपलीकडे टाकायची, तिथे संध्याकाळी एक रानससा यायचा. आधी लांबून बघायचा. पुढे पुढे मी भिंतीशी उभी असले तरी चार हातांवर बसून खायचा. याचा मला फार गर्व.

अक्काची बातमी ऐकून नात जिन्यावरून धावत आली. "तिकडचं काही आपल्याकडे आलंय?"

"छे," मी म्हटलं.

मग मी पिंजऱ्यासमोर जाऊन बसले. करडी खात होती. पांढऱ्यानं पान हुंगलं आणि तोंड फिरवलं. त्यानं तसं पूर्वीही शंभरदा केलं असेल. पण त्या दिवशी मी नातीला हाक मारली.

"काल मी घातलं," मी म्हटलं. "अक्काकडचं."

नातीनं हेब्बाळच्या जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून माझ्यापुढे धरला.

"किती सशांना घातलंत?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन."

नातीनं माझ्याकडे पाहिलं. "तीन?"

मी मागच्या भिंतीकडे बोट केलं.

डॉक्टर म्हणाले, तपासणी केली तरी निकाल यायला वेळ लागेल, तोवर तोच रोग आहे असं धरून चला. दोघांना वेगळं ठेवा. उरलेलं गवत जाळा. पाच-सहा दिवस धड गेले तर सुटलात. आणि मेलेले उघड्यावर टाकू नका. कुत्री, घारी, माश्या तो रोग रानभर नेतील.

माझं 'सरी' मला तेव्हा आठवलं. चप्पल न घालताच मी साइटीकडे पळाले. अक्का पोतं उचलून फेकायच्या बेतात होती.

"खाली ठेव. पुरायचंय."

"आत्ताच तर सरी म्हणालीस."

"मी मूर्ख आहे म्हणून म्हणाले."

तिनं वाद घातला नाही, हे मला जरा लागलंच. दोघींनी मिळून कमरेइतका खड्डा खणला आणि वर चुना घातला. घरी आले तर नातीनं फाटकाशीच माझे पाय औषधाच्या पाण्यात बुडवले.

भिंतीमागचं गवत आम्ही वेचून जाळलं. पण संध्याकाळी रानससा आलाच. रिकाम्या जागी बसला आणि माझ्याकडे पाहू लागला.

मी थाळी बडवली. तो दोन पावलं मागे सरला आणि पुन्हा बसला. मी त्याला नवी नव्हते ना. रानातल्या जिवाला माणसाची भीती असते, तीच त्याची राखण. ती मी पेरूंच्या बदल्यात आलेल्या गवतानं काढून घेतली होती. शेवटी मी ढेकूळ उचलून त्याच्या पुढ्यात फेकलं. तो उडाला आणि दिसेनासा झाला. दुसऱ्या दिवशी परत आला, पण लांबच थांबला. मी परत ढेकूळ मारलं. तिसऱ्या दिवशी तो आला नाही.

इकडे मला पिंजऱ्याला हात लावायची बंदी होती. मी दारातून दोघांचे श्वास बघत बसायची. पांढरा दोन दिवस अर्धवट खात होता. चौथ्या दिवशी त्यानं पाण्याची वाटी उलटी केली आणि नात पहिल्यांदा हसली, माझ्याकडे न बघता. सातव्या दिवशी डॉक्टर म्हणाले, हे दोघे वाचले.

"आणि तिसरा?" मी नातीला विचारलं.

"तो भ्याला की मेला, कसं कळणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनंच हातमोजे चढवले, पायांना पिशव्या बांधल्या, मला काठी दिली. "चल. मेलेला असेल तर पुरायला हवा."

आम्ही एकेक साइट पालथी घातली. प्रत्येक झुडपाशी मी आधी डोळे मिटायची आणि मग उघडायची. पार टोकाला, घाणेरीच्या जाळीखाली, नात खाली वाकली.

"आज्जी, लेंड्या. ताज्या आहेत."

देवळातल्या प्रसादाकडेही मी इतक्या आशेनं कधी पाहिलं नसेल. नीट बघायला हात पुढे करून खाली वाकले तेवढ्यात जाळीत काहीतरी खसफसलं, आणि एक तपकिरी पाठ आम्हाला पाहून जीव घेऊन पलीकडे पळाली.

"तुलाच भ्याला," नात म्हणाली. "हात मागे घे."

मी दोन्ही हात पाठीमागे बांधले.