चांदमुनीला कुठे ठेवायचं?

चांदमुनी आज सकाळी गेली आणि दुपारी मी तिच्या भावाशी फोनवर कचाकचा भांडले.

आठ वर्षं आम्ही हिंजवडीत एका फ्लॅटमध्ये राहिलो. मी शनिवार पेठेतली, ती झारखंडातल्या ‘हो’ आदिवासींच्या गावातली.

गावाला लागून युरेनियमची खाण. वडील खाणीत कामाला. ते घरी आले की आई त्यांचे धुळीने माखलेले कपडे धुवायची आणि ही वरून पाणी ओतायची.

"अगं, भीती नाही वाटायची?"

"धूळच होती गं. कोणी काही सांगितलंच नाही."

आधी वडील गेले, मग आई. आता ही. ब्लड कॅन्सर, वय छत्तीस.

डॉक्टरांना सरळ विचारलं, खाणीमुळे का? म्हणाले, "तसं सांगता येत नाही." बरं, खाणीमुळे नाही, असंही सांगता येत नाही म्हणे! मग सांगता येतं तरी काय?

एकदा मी इथेच फेसबुकवर ‘अणुऊर्जा म्हणजे स्वच्छ ऊर्जा’ असं ठोकून दिलं होतं. तिने लाइक केलं होतं.

का केलं असेल? आता कोणाला विचारू?

तर भांडण. मी नेहमीच्या आगाऊपणाने, कोणाला न विचारता, वैकुंठ स्मशानभूमीत सगळं ठरवून मोकळी झाले होते. भाऊ हिंदीत म्हणाला, "दीदी, जाळू नका. आमच्यात पुरतात. आईबाबांच्या शेजारी, वर दगड ठेवून. तिला घरी पाठवा."

ती जागा आता खाणीच्या गाळाच्या तळ्याला चिकटून आहे. माझं डोकंच फिरलं. "त्याच मातीत? अहो, त्या मातीनेच खाल्लं तिला!"

तो म्हणाला, "माती आमचीच आहे, दीदी. तिने काय केलं?"

 

वैकुंठातलं रद्द केलं. उद्या सकाळच्या विमानाने तिला पाठवतेय. बरोबर करतेय की चूक, देवाशपथ कळत नाहीये.

फोन ठेवताना तो म्हणाला, "तुम्ही पण या दगड ठेवायला. तुम्ही घरच्याच."

मी "बघते" म्हणाले. पुण्यात "बघते" म्हणजे काय, ते त्याला बिचाऱ्याला कुठे माहीत!

खरं सांगू? पहिलं मनात आलं ते हेच, की तिथलं पाणी प्यावं लागेल.

चांदमुनी, तू अठरा वर्षं ते पाणी प्यायलीस. मला दोन दिवसांची भीती वाटली गं.

माफ कर. सुखरूप घरी जा.