शेवंतीची झोप

चिखलीत आमच्या शेजारी राहणारे भाऊजी चाकणच्या एका कंपनीत कायमचे नाइट शिफ्टला आहेत. घरातही ते कंपनीचीच भाषा बोलतात. वरण खारट झालं की रिजेक्शन, बायको माहेराहून आली की मटेरियल इनवर्ड!

त्यांच्या गॅलरीतल्या शेवंतीला दोन वर्षं फूल नव्हतं. यंदा दसऱ्यापासून मात्र ते संध्याकाळी बस पकडण्याआधी तिच्यावर पुठ्ठ्याचं मोठं खोकं पालथं घालायला लागले. सकाळी आले की बूट काढायच्या आधी खोकं काढायचे.

"भाऊजी, तिला थंडी वाजते का?" मी विचारलं.

"नाही ओ वहिनी. रात्र मोठी झाली की शेवंती कळी धरते. पण समोरच्या वर्कशॉपचा हॅलोजन रात्रभर चालू. हिला रात्र झालेली समजायची कशी?"

"म्हणजे तिला झोपवून तुम्ही जागायला जाणार!" मी हसले. तेही हसले आणि झोपायच्या खोलीच्या खिडकीला चिकटवलेला काळा कागद नीट करायला आत गेले.

दोन महिन्यांनी एका सकाळी त्यांनी दार वाजवलं. डोळे तांबारलेले, हातात पिवळंधमक फूल. "पहिला पीस पास झाला, वहिनी. देवाला वाहा."

फूल वाहून मी नेहमीसारखी चटणीला लागले. मिक्सर आमच्या दोन्ही घरांच्या मधल्या भिंतीलाच टेकलेला. बटणावर बोट ठेवलं आणि तसंच उचललं.

आता आमच्याकडे चटणी संध्याकाळी होते, शेवंतीवर खोकं पडल्यावर.