राखणदाराची विडी

चहा घ्या आधी. हा किस्सा सांगताना मला अजून हसू येत नाही आणि ऐकणाऱ्यांना ते आवरत नाही. आता दोष कुणाला देऊ?

तेव्हा मी पणजीच्या कचेरीत कारकून. शनिवारी बसने कोरगावला घरी यायचं. सड्याच्या, म्हणजे गावावरच्या कातळी पठाराच्या, उतारावर आमच्या दोन काजूबागा, मध्ये दगडी गडगा. खालची माझी, वरची सुमतीवहिनींची. माझा चुलतभाऊ गेल्यापासून वहिनींचं घर त्या बागेवरच चालायचं. माझं काय, मला पगार होता.

उन्हाळ्यात सड्यावरचं वाळलेलं गवत पेटलं की आग थेट बागेत उतरते. म्हणून थंडीत, सकाळचं दव आहे तोवर, वहिनींच्या बागेच्या वरच्या कडेने एक पट्टा आपणच जाळून ठेवायचा. पुढे मोठी आग आली तरी तिला खायला तिथे काही उरत नाही. हे काम दरवर्षी सावंतवाडीकडून येणारे विठूमामा करायचे. त्या वर्षी त्यांचे गुडघे धरले होते. मी म्हटलं, "मामा, तुम्ही बसून सांगा, मी करतो."

आणि काय केलं म्हणता! वारा पाहिला, दोन्ही कडा साफ केल्या, पाण्याच्या कळशा ओळीने मांडल्या. हातभर गवत पेटवायचं, हिरव्या फांद्यांच्या टाळाने झोडून विझवायचं, मग पुढचं हातभर. नऊ वाजेपर्यंत पट्टा काळाकुळकुळीत. शेवटी पाणी ओतून, राखेवर तळहात ठेवून मी सगळा पट्टा तपासला.

विठूमामा म्हणाले, "बरा केलंस रे. माज्यापरास बरा."

या कौतुकानेच घात केला.

आमच्याकडे असं काम नीट पार पडलं की राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, त्याचं द्यावं लागतं. रोट, थोडी फेणी आणि विडी. त्याचा दगड गडग्याच्या वर, वहिनींच्या हद्दीत, गुडघाभर गवतात. मी आंघोळ करून भर दुपारी गेलो. रोट ठेवला, फेणी शिंपडली. आता विडी नुसती कशी ठेवायची? राखणदार काडी कुठून आणणार? मी ती शिलगावली, चांगली पेटलीय ना ते दोनदा पाहिलं, दगडावर ठेवली, हात जोडले आणि पाठ न दाखवता चार पावलं मागे येऊन जेवायला गेलो.

हसा, हसा.

भात कालवतोय तोच धूर दिसला. समुद्राकडचा वारा सुटला होता. आग उतार चढत वहिनींच्या बागेत शिरली. झाडांना नुकता मोहर फुटलेला. आम्ही टाळ घेऊन झोडत राहिलो, विठूमामासुद्धा लंगडत आले. विझली ती थेट वर, माझ्या पट्ट्याशी. पट्ट्याने आपलं काम चोख केलं, आमची आग सड्यावर जाऊ दिली नाही. आणि गडग्याखाली माझ्या बागेचं एक पानही करपलं नव्हतं.

गावात बोलणं सुरू झालं, राखणदार सुमतीवर कोपला, तिचं काहीतरी चुकलं असणार. वहिनी ऐकून घ्यायच्या. मला लाज वाटत होती, पण तोंड उघडत नव्हतं. दोन शनिवार गावी गेलोच नाही. कचेरीत फार काम आहे असं कळवलं. सरकारी कचेरीत फार काम असतं हे लोकांनी खरं मानलं, म्हणजे बघा.

तिसऱ्या शनिवारी राहवलं नाही. वहिनी जळक्या फांद्या तोडून रचत होत्या. तिथेच उभ्याउभ्या सगळं सांगून टाकलं.

"माका ठावक आसा," त्या म्हणाल्या. "तुमी गेल्यार मी थंयसून गेलंय. विडी धुमसत होती."

"मग विझवली का नाही? राखणदाराची म्हणून?"

"राखणदाराची कसली, भावोजी." त्यांनी कोयता खाली ठेवला. "सकाळी तुमी किती सांभाळून आग लावलात, ता मी बघलंय. म्हटला, ही पण तुमीच लावलेली. इचार करूनच लावली आसतली."