पांढऱ्या पुतळ्यातला निळा

रविवार, सकाळचे दहा वाजून दहा मिनिटं. वेळ पक्की आठवते, कारण दहाला माझ्या लेकीला, झोयाला, तापाचं औषध पाजून मी तिला काउंटरमागे निजवलं होतं आणि सारखी घड्याळ बघत होते. फ्रेमच्या दुकानात किस्से काचेच्या चुऱ्यासारखे जमतात, कितीही झाडा! पण हे सगळे एकाच चित्राचे.

आखातात मंदीचं वर्ष. एक उंच इंग्रज बाई छातीशी चित्र धरून आली. नोकरी गेलेली, गुरुवारी रात्रीचं विमान. "सगळं विकलं. हे एकच नेणार."

*

चित्र तिच्या पणजोबांच्या काळातलं. लंडनला जगभरच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं, त्यातल्या संगमरवरी पुतळ्याची रंगीत छपाई. मी म्हटलं, "पुतळा पांढरा, कागद पांढरा. मग छापलं काय?"

आमचे मालक मजीदभाई रत्नागिरीचे. म्हणाले, "अगो, तिलाच विचार!"

बाईने भिंग दिलं. बघते तर गुलाबी, पिवळा, राखाडी! गुडघ्याखाली सावलीत निळा. तिने सांगितलं, एकेका रंगाला छपाईचा वेगळा दगड, कागद दर वेळी नव्याने दाबायचा. बाईचे पणजोबा त्याच छापखान्यात होते. "त्यांनी फक्त हा निळा छापला."

झोया उठून बघत होती. "मम्मी, शी लुक्स कोल्ड!"

"अंगावर कपडा नाही, दुसरं काय होणार!" मजीदभाई.

*

मजीदभाईंचा नियम होता. पुतळा उघडा असेल तर माउंटची, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याची, खिडकी खांद्यापर्यंतच कापायची. रास अल खैमाच्या एका हॉटेलला आम्ही असे बारा पुतळे पाठवले. मॅनेजरचा फोन आला, "मी आर्ट दिलं होतं, पासपोर्ट फोटो नाही!"

*

गुरुवारी दुपारी बाई आली. मजीदभाईंनी फ्रेमवरचा कागद सोडला. "यल्ला, चला, बघा!"

चेहरा होता, खांदे होते, गुडघ्याखालचा निळा पुठ्ठ्यामागे. बाईने भिंग काढून खाली खाली नेलं. मग हळूच म्हणाली, "माझे पणजोबा कुठे आहेत?"

माउंट मीच कापला होता. झोयाचा ताप पुन्हा चढलेला, डोकं तिकडे, हात सवयीने चालला. "चित्र खाली अख्खं आहे, नुसतं झाकलंय," मी दोनदा सांगितलं. बाई संध्याकाळी सहाला येते म्हणाली.

मी नवा माउंट कापला, पार पावलांपर्यंत. मजीदभाई भिंतीकडे तोंड करून बसले, पण नको म्हणाले नाहीत.

सहा वाजले. सात वाजले. बाईचा फोन बंद.

*

पुढे दुकानही खलास झालं. माल घ्यायला आलेल्या माणसाने ते चित्र उचललं, तर मजीदभाई म्हणाले, "ते विकायचं नाही. मालकीण येणार आहे, इन्शाल्ला." आणि माझ्या हातात दिलं.

घरी मी ते बेडरूममध्ये लावलं. पाहुणे आले की वरून टॉवेल!

मग सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. पाच वेळच्या नमाजी बाई. मी टॉवेल नीट खोचून ठेवला. त्यांनी टॉवेल उचलला, बघितलं, सगळी हकीकत ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी बघते तर चित्र हॉलमध्ये, बरोबर दारासमोर!

"अम्मी, लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोड गो. ती आली तर दारातूनच दिसायला हवेत ना तिला तिचे पणजोबा!"

तुमच्यापैकी कुणाला ती उंच बाई कुठे भेटली, तर एवढा निरोप द्या. चित्र इथे अल मजाजला आमच्या घरी आहे. अख्खं.