विहाराच्या भिंतीवरची शेवटची ओळ

लिहायचा सराव नसताना लिहितो आहे, त्याबद्दल क्षमा असावी. काल शेजारी दाराला ऑइलपेंट लावत होते. त्या वासाने मी परतूरच्या विहारात जाऊन पोचलो आणि अजून मन ठिकाणावर नाही.

तेव्हा मी जालन्याला कॉलेजात होतो. परतूरच्या तहसील कचेरीतले कारकून तात्या सुट्टीच्या दिवशी आमच्या विहाराच्या भिंतीवर पंचशील लिहीत. एखादे अक्षर बिघडले तर पुसत नसत. सगळ्या ओळीवर चुना मारून ती पुन्हा लिहीत. मी त्यांना पुस्तकात वाचलेले सांगितले. जुन्या काळी जपानच्या दरबारात एक अधिकारी होता. कामावरून आला की तो बुद्धाची सूत्रे लिहायचा, प्रत्येक अक्षराआधी तीनदा वंदन करून.

"त्याचा साहेब जल्दी सोडत व्हता वाटतं!" तात्या हसले. मग त्यांनी ब्रश माझ्यापुढे धरला. "माझी बदली कवाबी व्हईल. वस्तीतून कॉलेजात गेलेला तू पहिला. शेवटची ओळ तू लिही."

बिघडली तर सगळी वस्ती बघेल, एवढेच मनात आले. "परीक्षा झाली की येतो, तात्या," म्हणालो आणि स्टेशनकडे निघालो.

परीक्षा झाली, पण धीर होईना. आज वाटते, चुन्याची बादली तर तिथेच होती.

शेवटी आईने कुणाकडून तरी लिहवून घेतलेले पोस्टकार्ड आले. तात्यांची बदली झाली होती. शेवटची ओळ त्यांनी कुणालाच लिहू दिली नव्हती. "पोरगं येणार हाय," असे सांगून गेले होते.