एका ओळीत न मावलेलं आडनाव

रविवारी संध्याकाळी माझ्या पडद्यावर चौदा चौकटी होत्या आणि त्यातल्या एकीत मी बसलो होतो, इस्त्रीचा शर्ट घालून. बाकीच्या चौकटींत जगभरची माणसं. आमच्या तरुणपणी गाजलेल्या एका संगणकी खेळाच्या आठवणी काढायला ही बैठक भरवली होती. खेळ असा की तुम्ही त्यात एक पात्र बनता, गावोगाव हिंडता, भेटेल त्याच्याशी बोलता, आणि तुम्ही काय बोललात त्यावर पुढचं सगळं ठरतं. आता तो नव्या रूपात येणार होता, आणि जुन्या चाहत्यांनी हौसेने केलेली भाषांतरं त्यात अधिकृत म्हणून घेणार होते. मराठीच्या वतीने मी.

खेळाचे संवाद लिहिणारा गृहस्थ आता पिकलेल्या दाढीचा झालाय. तो म्हणाला, हा वारसा आमचा नाही, तुमचा आहे. मग माझं नाव घेऊन म्हणाला, "होडी चालवणाऱ्या म्हातारीचं वाक्य तुमच्या मराठीत आमच्यापेक्षा चांगलं आहे असं मला कुणीतरी सांगितलं. मी अर्थ विचारून घेतला. नव्या इंग्रजीत आम्ही तेच वापरतोय."

चौकटींमधून टाळ्या वाजल्या. मी हात जोडले.

ते भाषांतर माझं नाही. ते वाक्य तर नाहीच नाही. गेली वीसेक वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं, आणि त्या संध्याकाळी हात जोडताना पहिल्यांदा मला स्वतःचा इतका संताप आला की बैठक संपायच्या आधीच मी उठून गेलो.

ज्याचं ते आहे तो माझा मित्र. तो निपाणीचा, मी येळ्ळूरचा. बेळगावात एका वर्गात होतो. तो वसतिगृहात राहायचा, मी गावाहून बसने यायचो. तास बुडवून आम्ही कॅम्पातल्या एका सायबर कॅफेत जायचो. मालकाने कुठूनतरी आणलेली त्या खेळाची सीडी तिथल्या दोन मशीनवर चढवलेली होती. खेळाचं इंग्रजी जड, जुन्या वळणाचं. मला निम्मं कळायचं. मित्राला सगळं कळायचं, आणि तो वाचतावाचता मराठीत सांगायचा. सांगतासांगताच एकदा म्हणाला, "लेका, हे असंच लिवलं तर?"

त्या खेळाला देवनागरी माहीतच नव्हती. फ्रेंच, जर्मन अक्षरांसाठी काही जागा राखलेल्या होत्या. त्या जागी आमची अक्षरं बसवायची, तीही एकेक ठिपका मांडून. मित्राने आलेखाच्या कागदावर पेन्सिलीने चौकोन रंगवत अख्खी बाराखडी काढली. जोडाक्षरांना जागा पुरेना. 'ज्ञ' बसलाच नाही, म्हणून आमच्या खेळात ज्ञानी माणूस नव्हता, शाणा माणूस होता. मी काय केलं? मी त्याच्या वहीतून टंकन केलं. तेवढंच.

शनिवारी तो निपाणीला जायचा तेव्हा वही बरोबर. दोनदा मीही गेलतो. त्याच्या घराच्या पुढच्या सोप्यात त्याची आई आणि गल्लीतल्या चार बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसलेल्या असायच्या. पान, चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा. हात कधी थांबायचे नाहीत. मित्र उंबऱ्यावर बसून संवाद मोठ्याने वाचायचा. ऐकताना बायकांचे हात चालू राहिले तर ओळ बरोबर. एखादीने हात थांबवून "म्हंजे?" विचारलं की ओळ कापायची आणि तिथल्या तिथं पुन्हा लिहायची. आमच्या खेळाची हीच परीक्षा होती, आणि ती फार कडक होती. राजाच्या दरबारातलं एक लांबलचक भाषण त्यांनी सहा वेळा नापास केलं. शेवटी एक बाई म्हणाली, "त्येला सरळ सांग की, राजाकडं पैका न्हाय आनि त्यो लाजतोय." मित्राने तसंच लिहिलं.

होडी चालवणाऱ्या म्हातारीजवळ आम्ही अडलो. नदी ओलांडायची घाई असलेला नायक तिला वल्हं मार म्हणतो, आणि इंग्रजीत ती काळाच्या प्रवाहाविषयी काहीतरी गहन बोलते. मित्राने तीनदा लिहिलं, तीनदा हात थांबले. तो पुन्हा पुन्हा विचारायला लागला तशी त्याची आई वैतागली. म्हणाली, "बस गप. पान्याला तुजी घाई न्हाय."

बायका हसल्या. मित्राने मान खाली घालून ते वहीत उतरवलं.

हेच ते वाक्य. आता ते इंग्रजीत जाणार होतं, माझ्या नावाने.

भाषांतर पुरं झालं तेव्हा खेळाच्या शेवटच्या पाटीवर आम्ही दोघांची नावं घातली, आधी त्याचं, मग माझं. ते मराठी मुलांच्या एका फोरमवर ठेवलं. पहिल्या दिवशी कौतुक. दुसऱ्या दिवशी सुरू झालं. ही काय मराठी आहे, गावठी. राजा असा बोलतो का. मग एकाने लिहिलं, आडनाव बघा, म्हणजे भाषेचं कारण कळेल. त्याच्या खाली सातआठ जणांनी हसरे चेहरे टाकले.

माझ्या मित्राचं आडनाव वाचून त्यांनी त्याची जात ओळखली होती. मी ते कॅफेत बसून वाचलं. शेजारच्या खुर्चीवर तो नव्हता, गावी गेला होता. मी त्या माणसाला काहीही उत्तर दिलं नाही. मी लिहिलं, 'पुढच्या आवृत्तीत भाषा सुधारण्यात येईल.'

आणि सुधारली. पंधरा दिवसांत सगळे 'न्हाय' नाही झाले, 'लई' फार झाले, बायकांनी पास केलेला राजा पुन्हा पाठ्यपुस्तकातल्यासारखा बोलायला लागला. म्हातारीची ओळ तेवढी बदलवेना, फक्त धुऊन घेतली. 'गप्प बस. पाण्याला तुझी घाई नाही.' मग मी शेवटच्या पाटीवरून त्याचं नाव काढलं.

आमच्या येळ्ळुरात मराठी हा रोजच्या जेवणाइतका विषय. मी मोर्च्यांत गेलोय, गावच्या पाटीवरच्या एका मराठी अक्षरासाठी घसा बसेपर्यंत ओरडलोय. आणि निपाणीच्या पाच बायकांनी पारखून दिलेली मराठी मी स्वतःच्या हाताने खोडून टाकली, कारण माझ्या नावाच्या वर एक आडनाव होतं आणि लोक हसत होते. ते हसू माझ्याही अंगावर आलं असतं. त्याला लागू नये म्हणून मी नाव काढलं, असं नाही. खूप वर्षं मी स्वतःला तसं सांगितलं, पण ते खोटं आहे.

त्याला मी काय सांगितलं, तर पाटीवर ओळीत जागा नाही, बत्तीसच अक्षरं बसतात.

त्याने बोटांवर मोजलं. मग म्हणाला, "माजं आडनाव तीन अक्षरांचं हाय रं."

पुढे तो हसला आणि विषय सोडला. सोडला असं मी धरून चाललो. पुढं आम्ही लग्नकार्यात भेटलो, सणाला निरोप धाडले, पण त्या खेळाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

बैठकीनंतर तीन दिवसांनी कंपनीकडून कागद आला. सही करायची होती. 'हे भाषांतर मी एकट्याने केले आहे' असं त्यात स्पष्ट लिहिलेलं. मी बेळगावात एका फौंड्रीत संगणक सांभाळतो, रोज असले दहा कागद डोळ्यांखालून जातात. हा मात्र चार दिवस टेबलावर होता. पाचव्या दिवशी मी निपाणीची बस धरली.

मित्र चिकोडीत तंत्रनिकेतनात शिकवतो, घर निपाणीलाच, आता वरचा मजला चढवलाय. त्याची आई दारातच खुर्ची टाकून बसली होती. मला ओळखलं. "येळ्ळूरचा न्हवं? लई जाड झालास," म्हणाली.

मी कागद मित्राच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं. फोरमवरचा तो शेरा, हसरे चेहरे, माझं गप्प बसणं. बत्तीस अक्षरांचं खोटं. सांगताना मी त्याच्याकडे बघितलं नाही.

"मी वाचलंतं ते," तो म्हणाला.

"काय?"

"त्यो शेरा. निपाणीतबी कॅफे होतं की. तुज्या आधी वाचलंतं. मग बघत बसलो, तू काय लिवतोस." त्याने कागद घडी करून परत दिला. "भाषा सुधारण्यात येईल, म्हनं."

आतून चहा आला. मी आईला विचारलं, "मावशी, पाण्याला तुझी घाई नाही, हे तुमी म्हटलंतं, आठवतंय?"

"मी? कवा?" तिने विचार केला. "म्हटलं आसंल. दिसभर वळत बसायचं, तोंडाला काय काम. त्येचं काय?"

"ते आता इंग्लंडात चाललंय, आई," मित्र म्हणाला. "ह्येच्या नावानं."

"ह्येचा काय संबंद?"

चहा निवला.

निघताना मित्र कोपऱ्यापर्यंत आला. म्हणाला, "सही कर नायतर नको करू, मला त्या कागदाशी कर्तव्य न्हाय. पर जिथं टाळ्या घेतल्यास तिथंच सांग. तोंडानं. आमी बघू."

पुढच्या महिन्यात दुसरी बैठक होती, तीही पहिलीसारखीच सगळ्यांना इंटरनेटवर थेट बघता येणारी. माझी पाळी आल्यावर मी सांगितलं. भाषांतर माझ्या मित्राचं आहे, ते वाक्य त्याच्या आईचं आहे, विड्या वळताना ती बोलली होती, पाटीवरून त्याचं नाव राहून गेलं ते पुन्हा घालावं. पिकल्या दाढीचा लेखक डोळे पुसत म्हणाला, किती सुंदर गोष्ट आहे ही, हिच्यावर आपण एक छोटी चित्रफीत करू. मग पुढच्या चौकटीतला पोर्तुगीज माणूस बोलायला लागला.

सुंदर गोष्ट. वीस वर्षं एका माणसाचं काम दाबून ठेवलं ही त्यांना सुंदर गोष्ट वाटली. एकानेही विचारलं नाही की नाव राहिलं कसं. आणि मराठी फोरमवर, जो आता मोबाइलवरचा गट झालाय, वेगळीच चर्चा, आता पहिली आवृत्ती परत येणार की काय. जुनी गावठी आवृत्ती नको, आम्ही जिच्यावर वाढलो तीच खरी. नावात काय आहे, भाषांतर सगळ्या चाहत्यांचं आहे. हे लिहिणाऱ्यांतला एकही जण स्वतःचं नाव कुठून काढू देणार नाही.

मित्राचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला.

"ऐकलं आमी. आईबी बसलीती."

"मग?"

"नाव राहून गेलं म्हनालास. राहून गेलं व्हय रं? छत्री राहून जाती बसमदी."

मी फोनचा आवाज कमी केला.

"आईचं सांगितलंस, विडीचं सांगितलंस, समद्यांस्नी गोड लागलं. कुनी काढलं आनि का काढलं, तेवढंच गाळलंस. अजून सुधारूनच देतोयस."

फोन ठेवला त्याने. चिडून नाही, कामाची वेळ झाली म्हणून. त्याचा चढा आवाज मला चालला असता.

त्याच दिवशी दुपारी फौंड्रीतल्या टेबलावर बसून मी कंपनीला पत्र लिहिलं. भाषांतर त्याचं. नाव मी काढलं. त्याच्या आडनावावरून लोक त्याची जात काढून हसले आणि मला त्या हसण्याच्या जवळ उभं राहायचं नव्हतं, म्हणून काढलं. माझी धुतलेली आवृत्ती वापरू नका, तिच्यावरचा माझा हक्क मी सोडतो. हेच मराठीत लिहून चाहत्यांच्या गटावरही टाकलं.

कंपनीने मित्राला कागद पाठवला. त्याने दोन अटी घातल्या, पहिली आवृत्ती घ्यायची, एक अक्षर न बदलता, आणि आईचं नाव वाक्याखाली नाही, पाटीवर, आपल्या नावाच्या शेजारी. कंपनी म्हणाली, आनंदाने, फक्त मराठीच्या जाणकारांकडून भाषा तपासून घ्यावी लागेल. जाणकार म्हणून त्यांनी गटातल्याच तिघांची नावं सुचवली. त्यातल्या एकाने त्या वेळी हसरा चेहरा टाकला होता. ते पान माझ्याकडे अजून साठवलेलं आहे. मी तेही कंपनीला पाठवलं.

कंपनी तपासणीवर अडून राहिली, आणि मित्राने सही केली नाही. वाक्य इंग्रजीतून काढायला लावलं. कंपनीने ते काढलं, आणि नवा खेळ मराठीशिवाय येणार असं जाहीर केलं.

आता गटावर रोज शिव्या येतात. दोघांच्या भांडणात मराठीचं नुकसान झालं, दोघांनी वारसा बुडवला, जुनी प्रकरणं उकरायची काय गरज होती. मित्र त्या गटात नाही, कधी नव्हता. म्हणून त्याच्या वाट्याच्या शिव्यांनाही मीच उत्तर देतो. भांडण दोघांचं नव्हतं, असं लिहितो. एकाने केलं, दुसऱ्याने सोसलं, करणारा मी. खाली पूर्ण नाव घालतो, आडनावासकट, गावासकट. काल एकाने विचारलं, किती वेळा तेच लिहिणार आहात. मी त्यालाही तेच लिहिलं.